अॅलर्जीच्या रजिस्टरातली रेघ

जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे माझं ब्रीद. आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला दुसरं ब्रीद परवडत नाही. ऑफिसात आलेला कागद मी रजिस्टरात चढवल्याशिवाय आला असं कोणी धरत नाही, मग तो साहेबांच्या टेबलावर पंख्याखाली फडफडत का असेना. दुसरा नियम, रकाना रिकामा सोडायचा नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ मारायची. रिकाम्या जागेत उद्या कोणीही काहीही घुसडू शकतो, रेघेवर घुसडता येत नाही. ऑफिसात मला पाठीमागे 'रजिस्टर' म्हणतात हे मला माहीत आहे. तोंडावरही म्हणतात. असो.

हे सांगायचं कारण म्हणजे माझा वरचा ओठ. एका सोमवारी संध्याकाळी तो खाजायला लागला आणि मंगळवारी सकाळी आरशात बघतो तर नाकाखाली दुसऱ्याच कोणाचा तरी ओठ! लाल, टम्म, चहाचा कप धरताना कपाच्या आधी पोचणारा. गुरुवारपर्यंत उतरला. मी म्हटलं, डास चावला असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा. आता डास झाला तरी इतका तारखा पाळून येत नाही.

ह्यात माझं खरं दुःख वेगळंच होतं. माझ्या चेहऱ्यावर बघण्यासारखी एकच वस्तू आहे, मिशी. डोक्यावरच्या केसांनी पस्तिशीतच राजीनामे दिले, पण मिशी त्रेपन्नाव्या वर्षीही काळीभोर. लोक विचारतात, "काय खाता हो?" मी नुसता हसतो. एक सोडून एक रविवारी सकाळी सहा ते सात मी न्हाणीघरात कडी लावून असतो. तो माझा खासगी वेळ आहे आणि त्याचा ह्या हकिगतीशी काही संबंध नाही. तर अशी ती मिशी त्या सुजलेल्या ओठावर वाकडीतिकडी बसायला लागली. एका बाजूने वर, एका बाजूने खाली. साहेबांना काही सांगायला गेलो की ते माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठाकडे बघून मान हलवायचे.

शेजारी मास्तर राहतात. शाळा सुटली तरी मास्तरांची शाळा सुटलेली नाही. त्यांनी दारातूनच निदान केलं. "पित्त! जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपा." मी झोपलो. मग त्यांना आठवलं, की उजव्या. वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरता उतरता थांबल्या आणि म्हणाल्या, "वांगं सोडा. आमच्या जावेच्या दिराचं तोंड वांग्यानं असं झालं होतं." मी विचारलं, मग बरं झालं का? "नाही," काकू म्हणाल्या, "पण वांगं मात्र सुटलं." फुकटच्या सल्ल्याला हाड नसतं, पण त्या पंधरा दिवसांत मी वांगं, टोमॅटो, दही, शेंगदाणे आणि डावी कूस एवढं सोडून बसलो होतो.

शेवटी 'अॅलर्जी' हा शब्द आमच्या मुलीने घरात आणला. ती कॉलेजात जाते आणि आम्हा दोघांना अडाणी समजते. ती म्हणाली, "बाबा, फूड अॅलर्जी असणार. टेस्ट करून घ्या." मला तो शब्द एकदम आवडला. पित्त कोणालाही होतं. अॅलर्जीला कसं, एक वजन आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो. "फूड अॅलर्जी आहे. अन्न सोसत नाही." लोक हळहळले. दुपारी चहाला कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

इथे मी काय करून ठेवलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातून आलं.

आमच्या ऑफिसचं कॅन्टीन बंद पडलं होतं. चाळीस माणसांना दुपारचं जेवण बाहेरून आणायचं ठरलं आणि अर्ज मागवले. माझ्या बायकोने अर्ज केला. मी नाही करायला लावला, तिने आपणहून केला. एकवीस वर्षं तिने आमच्या तिघांचं केलं, पाहुण्यांचं केलं, मास्तरांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांच्या घरचंही केलं, आणि कोणी कधी ताटात टाकलं नाही. अर्ज लिहिताना ती एका रकान्यापाशी थांबली. "अहो, 'अनुभव' ह्या रकान्यात काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, लिही एकवीस वर्षं. तिने लिहिलं आणि त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसली. स्वतःच्या नावाने केलेला तिचा तो पहिला अर्ज. मग तिने दोन मोठी पातेली आणली, ती घासून पालथी घातली आणि रोज त्यांच्यावरून फडकं फिरवायला लागली.

आता बघा. ह्या बाईच्या हातचं जेवण दोन्ही वेळा जेवणारा माणूस ऑफिसभर सांगत फिरतोय, की मला अन्न सोसत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते पहिल्यांदा लक्षात आलं आमच्या कॅशियरच्या. त्याच्या भावजयीचाही अर्ज होता. पण तो गडी गोड बोलतो. तपासणीच्या खर्चाच्या मंजुरीसाठी मी ऑफिसच्या वैद्यकीय विभागात गेलो तेव्हा तोच मदतीला धावला. झालं असं, की तिथल्या बाईंनी फॉर्म परत केला. 'आजाराचे नाव' हा रकाना मी भरला नव्हता.

"नाव तपासणीनंतर कळेल," मी म्हटलं.

"नाव नसलेल्या आजाराची तपासणी कशी मंजूर करणार?"

"पण तपासणीशिवाय नाव..."

"मग नाव कळलं की या."

खरं सांगतो, मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. तीन फेऱ्या झाल्यावर कॅशियर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अहो, एवढा काय विचार करता? लिहा, 'घरच्या अन्नाची अॅलर्जी'. सगळं ऑफिस जाणतं." मी लिहिलं. बाईंनी शिक्का मारला. कागद माझ्याच टेबलावर आला आणि मी माझ्याच हाताने, माझ्याच सुवाच्य अक्षरात, आवक रजिस्टरात चढवला. विषय, घरच्या अन्नाची अॅलर्जी. आपलेच दात, आपलेच ओठ.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर पेनाने आकडे लिहिले, एक ते वीस. प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब टाकला आणि बारीक टोचलं. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, मासा, असं एकेक. मला ती पद्धत फार पटली. अनुक्रमांक, नोंद, जागेवर पडताळणी. वीस मिनिटं मी हात पसरून बसलो. मग त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "काहीच उठलं नाही. तुम्हाला अन्नाची अॅलर्जी असेल असं वाटत नाही."

मी दुखावलो. "नीट बघा. सतरा नंबर थोडा लाल आहे."

"तिथे तुम्ही खाजवलंत."

पण बाई सरळ होत्या. म्हणाल्या, ह्या तपासणीत सगळंच दिसतं असं नाही. सहा आठवडे लिहून ठेवा. काय खाल्लं, काय प्यायलं, अंगाला तोंडाला काय लावलं, कुठे होतात, काय करत होतात आणि त्रास कधी झाला. आणि अधूनमधून एकेक पदार्थ पूर्ण बंद करून बघा. "काही गाळू नका," त्या म्हणाल्या. मला! आवक-जावकवाल्याला!

घरी येताना मी दोनशे पानी रजिस्टर घेतलं. अकरा रकाने आखले. दिनांक, वेळ, स्थळ, पदार्थ, प्रमाण, कोणी केला, कृती, ओठ सकाळी, ओठ संध्याकाळी, तक्रार, शेरा. जेवताना मी ते ताटाशेजारी उघडून ठेवायचो.

"'कोणी केला' हा रकाना कशाला?" बायकोने विचारलं.

"पद्धत आहे."

"घरात मी एकटीच करते. रोज माझं नाव लिहिणार?"

"वर 'सदर' लिहून खाली टिंबं देईन."

वाढताना पूर्वी ती ताटाकडे बघायची, आता माझ्या पेनाकडे बघायला लागली. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, हे जेवण आहे की पंचनामा?"

पहिला आठवडा मी सगळंच बंद केलं. नुसता भात आणि मीठ घालून उकडलेला दुधी. तोही मीच उकडला, म्हणजे चूक नको. आणि काय सांगू, आठ दिवस ओठ एकदम साफ! गोरागोमटा, पहिल्यासारखा. मी आनंदाने स्वयंपाकघरात ओरडलो, "बघ! तुझ्या हातचं बंद केलं आणि ओठ उतरला!"

वाक्य तोंडातून सुटलं आणि मलाच ऐकू आलं. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. हातातला डाव तिने खाली ठेवला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "बरं झालं." त्या दिवसापासून पातेल्यांवरून फडकं फिरायचं थांबलं.

तो रविवार गेला. खासगी वेळ वगैरे झाला. सोमवारी संध्याकाळी ओठ खाजायला लागला आणि मंगळवारी टम्म. पोटात भात आणि दुधीशिवाय तिसरी वस्तू नव्हती! मास्तर धावत आले. "दुधीची अॅलर्जी! लाखात एकाला होते." दुधी बंद केला. पंधरा दिवसांनी नुसत्या भातावर पुन्हा सुजला. "मग भाताची," मास्तर म्हणाले. भात बंद केला, बटाटा आणला. बटाट्यावर सुजला. काकूंना पाण्याचा संशय येऊ लागला. सहा आठवड्यांत माझं वजन इतकं उतरलं की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि ओठ मात्र दर पंधरवड्याला आपला वेळेवर हजर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. दहापैकी दहा मिळाले होते.

इकडे ऑफिसात जेवण समिती नेमली गेली. साहेब, कॅशियर आणि आणखी दोघं. नोंदी ठेवायला अर्थातच मी. दोन्ही अर्जदारांनी मंगळवारी जेवण आणायचं, समितीने चाखायचं आणि तिथेच निर्णय द्यायचा. कॅशियर येता-जाता माझ्या ओठाची चौकशी करू लागला. "कसं आहे आज? वहिनींना सांगा, टेन्शन घेऊ नका म्हणावं." तेवढ्यात सांगून टाकायचा, की शेवटी प्रश्न चाळीस माणसांच्या तब्येतीचा आहे.

त्या मंगळवारच्या आठ दिवस आधी, सोमवारी, मी रजिस्टर घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मास्तर बरोबर आले. मी नको म्हणत होतो. पण माझ्या आजाराचे ते स्वतःला सहलेखक समजत होते, आणि त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत खालच्या किराणा दुकानापर्यंत पोचते.

बाईंनी रजिस्टर पानापानाने वाचलं. असं वाचणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं, माझा ऊर भरून आला. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी पंधरा दिवस पुढचं पान काढलं, मग आणखी पंधरा दिवस पुढचं.

"हे काय आहे? रविवार, सहा ते सात, स्थळ न्हाणीघर. 'कृती' ह्या रकान्यात नुसती रेघ."

"रिकामा रकाना सोडत नाहीत," मी म्हटलं. "रेघ मारतात."

"ते कळलं. पण दाढी लिहिलीत, आंघोळ लिहिलीत, एके ठिकाणी 'नखे कापली, डावा पाय' असंसुद्धा आहे. ह्या तीन रविवारी एकेक तास काय करत होतात? आणि प्रत्येक रेघेनंतर मंगळवारी ओठ सुजलाय."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. बाई मान तिरकी करून माझ्या मिशीकडे बघायला लागल्या. बघतच राहिल्या. मिशीच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढं पांढरं वर आलेलं होतं, ते त्यांच्या भिंगातून सुटण्यासारखं नव्हतं.

"मिशीला काही लावता का?"

मास्तरांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज झाला.

"मी?" मी म्हटलं. "छे! काहीतरीच!"

बाईंनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. "बऱ्याच लोकांना केस काळे करायच्या रंगाने असं होतं. लावलं की एकदोन दिवसांत सूज, खाज. तुम्ही लावत नाही म्हणता. मग ही रेघ भरून आणा, मी औषध लिहून देते." बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "डॉक्टर म्हणून ठीक आहेत, पण माणसं ओळखता येत नाहीत. तुमची मिशी आणि रंग!" मी त्यांना चहा पाजला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा वर्षं ती मूठ मी झाकून ठेवली होती. घरात बायकोला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. रंगाची नळी मी जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यामागे ठेवायचो. आता घरी जाऊन चार शब्द बोललो असतो तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. बायको स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होती. "काय म्हणाल्या डॉक्टर?" तिने मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, "अजून नक्की नाही." आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. हे वाक्य मी स्वतःच्या अक्षरात इथे लिहून ठेवतोय, कारण ते सगळ्यांत वाईट होतं.

पुढच्या रविवारी पेच पडला. मिशी रंगवली तर मंगळवारी सुजलेलं तोंड घेऊन बायकोच्या जेवणाशेजारी बसायचं. नाही रंगवली तर ओठ साफ, पण पांढरी मुळं साऱ्या ऑफिससमोर. मी सकाळी सहाला कडी लावली आणि स्वतःची समजूत घातली, की डॉक्टरच काय, देवसुद्धा चुकू शकतो. थोडंसंच लावू. ब्रश बुडवला आणि डाव्या बाजूला सुरुवात केली.

डावी बाजू झाली. तेवढ्यात न्हाणीघराच्या झडपेतून बायकोचा आवाज आला. ती मागच्या बाजूला उभी राहून तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"नाही गं, अर्ज मागे घेणार आहे मी. ... अगं, घरच्या माणसालाच माझ्या हातचं सोसत नाही, तर चाळीस परक्यांना कसं घालू? कोणाला काही झालं म्हणजे? ... मी तर हल्ली मीठ टाकतानाही घाबरते. एकवीस वर्षं ह्यांना काय खाऊ घातलं मी, कोण जाणे."

ब्रश हातात तसाच राहिला. मला आपली भयंकर लाज वाटली. असल्या गोष्टी मी सहसा कागदावर आणत नाही, पण वाटली. मी ब्रश धुतला, नळी कचऱ्यात टाकली. डावीकडचा रंग खसाखसा धुऊन बघितला, पण तो कंपनीने लिहिल्याप्रमाणे पक्का होता. मी तोंडाला मास्क लावला, बाहेर आलो आणि म्हटलं, "सर्दी झालीय. आणि हे बघ, अर्ज मागे घ्यायचा नाही."

"का?"

"घ्यायचा नाही म्हणजे नाही. माझं एवढं ऐक."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही सांगताय म्हणून," ती म्हणाली, आणि जरा वेळाने स्वयंपाकघरातून पातेलं उचलल्याचा आवाज आला. खरं ते सांगायला मात्र माझी जीभ अजून रेटत नव्हती.

मंगळवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो आणि मास्क काढला. डावी मिशी काळीभोर, तिच्याखालचा ओठ लाल आणि टम्म. उजवी मिशी करडी, मुळाशी पांढरी, तिच्याखालचा ओठ शांत, साफ. नाकाच्या बरोबर मध्यावर हद्द. बारा वर्षांचा काळा सौदा अर्धा-अर्धा उघडा पडलेला.

मी वस्तरा उचलला. मिशी काढली की आब राहिली. सुजेवरून पातं फिरलं असतं तर रक्त निघालं असतं, पण त्याची मला पर्वा नव्हती. साबणही लावला. मग विचार आला, मिशी गेली की उरणार काय? नुसता सुजलेला ओठ. पुन्हा बोट बायकोच्या पातेल्याकडेच. तिची बाजू सांगणारा एकच कागद माझ्याकडे होता आणि तो माझ्या नाकाखाली होता. पुरावा नष्ट करणं हे तेवीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्याला शोभत नाही. मी साबण धुतला, मास्क लावला आणि रजिस्टर काखेत मारून निघालो.

बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं होतं. एका टोकाला कॅशियरची भावजय, दुसऱ्या टोकाला आमची ही, हातात डाव घट्ट धरून. समितीने दोन्हीकडचं चाखलं. साहेबांनी आमच्याकडची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, हे मी नोंदवून ठेवलं. मग कॅशियरने घसा साफ केला आणि खिशातून कागदाची प्रत काढली.

"वहिनींच्या हाताला चव आहे, प्रश्नच नाही. पण रेकॉर्ड बघितलं पाहिजे. 'विषय, घरच्या अन्नाची अॅलर्जी.' आवक क्रमांकासहित आहे. खुद्द रजिस्टरच्या हस्ताक्षरात. आजही मास्क लावून बसलेत बिचारे."

बायकोने डाव पातेल्यात ठेवला आणि झाकण शोधायला लागली. जाण्याच्या तयारीने.

मी उभा राहिलो. "साहेब, एक दुरुस्ती नोंदवायची आहे," मी म्हटलं आणि मास्क काढला.

साहेबांचा चमचा हवेतच थांबला. कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

"नीट बघा," मी म्हटलं. "डावीकडे रविवारी सकाळी सहा वाजता रंग लावला. उजवीकडे लावला नाही. जेवण दोन्ही बाजूंनी तेच गेलं. घास घालताना मी डावं-उजवं करत नाही. बारा वर्षं मी मिशी रंगवतोय. अन्नाचा काही दोष नाही. ह्या बाईंच्या हातचं एकवीस वर्षं खातोय आणि एकदाही पोट दुखलेलं नाही. चूक नोंद करणाऱ्याची आहे." मग मी रजिस्टर उघडलं, रविवारच्या रेघेवर, नियम मोडून, 'मिशी रंगवली' असं लिहिलं आणि साहेबांसमोर सही केली.

आधी एकजण हसला. मग सगळेच हसले. कॅशियरची भावजय तर पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. साहेब हसले नाहीत. साहेबांचं वय अठ्ठावन्न आहे आणि केस डांबरासारखे काळे आहेत. ते घाईघाईने म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, वैयक्तिक बाबींत जायला नको. जेवण ह्यांचंच मंजूर." आणि संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन, कानामागे खाजवत, हळूच विचारून गेले, की त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात.

घरी जाताना दोन्ही रिकामी पातेली मी उचलली होती. ही दोन पावलं पुढे चालत होती. मग म्हणाली, "टॉवेलावरचे काळे डाग बारा वर्षं वेगळे भिजवतेय मी. म्हटलं, माणसाला एखादी हौस असते, कशाला बोलायचं."

मी रस्त्यातच थांबलो. "तुला माहीत होतं?"

"रंग माहीत होता. त्याने तोंड सुजतं हे मला माहीत नव्हतं." ती चालतच राहिली. "तुम्हाला कधी कळलं?"

मला खोटं सांगता आलं असतं. "गेल्या सोमवारी," मी म्हटलं.

"म्हणजे आठ दिवस."

"हो."

"आठ दिवस मी मिठाच्या डब्याला हात लावताना घाबरत होते आणि तुम्हाला माहीत होतं."

मी पातेली ह्या हातातून त्या हातात घेतली.

पुढच्या सोमवारी ऑफिसात जेवण सुरू झालं. चाळीस डबे ओळीने आले. वास असा सुटला की वैद्यकीय विभागाच्या बाई वेळेआधी खिडकी बंद करून आल्या. सगळ्यांचे डबे उघडले, वाहवा सुरू झाली. मीही माझा उघडला. आत मीठ घालून उकडलेला दुधी. झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली, तिच्या अक्षरात, 'दिवस पहिला. एकूण आठ.'

शेजारच्याने माझ्या डब्यात डोकावून विचारलं, "हे काय, तुम्हाला वेगळं?" मी म्हटलं, हो, माझं पथ्य आहे. मग रजिस्टर काढलं आणि सगळे रकाने नियमाप्रमाणे भरले. पदार्थ, दुधी. कोणी केला, ह्या रकान्यात टिंबं न देता तिचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे 'तक्रार' हा रकाना होता. त्यात मी आडवी रेघ मारली आणि जेवायला लागलो.